मॅक्रोमध्ये त्रिकोणमिती : साइन, कोसाइन आणि दिशा यांची फंक्शन्स स्वतः कशी लिहावीत

व्हर्च्युअल टेबलटॉपवर, म्हणजे पडद्यावर मांडलेल्या खेळाच्या पटावर, फक्त टोकने (पडद्यावरच्या सोंगट्या) सरकवायची आणि फासे टाकायचे असतील तर बेरीज-वजाबाकीच्या पलीकडचे गणित लागत नाही. पण तोफेचे तोंड जिकडे आहे तिकडेच गोळा बारा घरे जाऊन पडावा, पहारेकऱ्याला त्याच्या नजरेच्या टप्प्यातलाच शत्रू दिसावा, घोडेस्वारांचे कडे एका क्लिकवर मांडले जावे, अशा अपेक्षा निर्माण झाल्या की साइन आणि कोसाइन यांच्यावाचून चालत नाही. अडचण अशी की असा पट चालवणाऱ्या काही मंचांच्या (उदाहरणार्थ फाउंड्री, मॅपटूल, रोल२० यांसारख्या प्रणालींपैकी काहींच्या) मॅक्रो-भाषेत, म्हणजे छोट्या आज्ञावल्या लिहिण्याच्या भाषेत, ही फंक्शन्स नसतात, आणि जिथे असतात तिथेही टोकनाची दिशा मोजण्याची रीत शाळेतल्या रीतीपेक्षा वेगळी असते. या लेखात ती फंक्शन्स स्वतः कशी लिहावीत, त्यांत किती अचूकता पुरेशी आहे आणि ती टोकनाच्या दिशेशी कशी जोडावीत, हे सविस्तर सांगितले आहे.

इंदूरमधल्या आमच्या मंडळातले बरेच जण आता नोकरीनिमित्त पुण्याला आणि बंगळुरूला असल्यामुळे आमचा खेळ पडद्यावरच चालतो, आणि त्याचा नकाशा अहिल्याबाईंच्या काळातल्या महेश्वरचा आहे : किल्ला, घाट आणि खाली नर्मदा. पुढची उदाहरणे त्याच नकाशावरची घेतली आहेत. आकडेमोड मात्र कोणत्याही पटाला लागू पडते.

एक सूचना आधीच करतो. येथे सूत्रे मराठी अक्षरांत आणि देवनागरी अंकांत लिहिली आहेत. मॅक्रोमध्ये टंकताना मात्र त्या त्या मंचाची रोमन नावे आणि रोमन अंकच वापरावे लागतात, कारण देवनागरी अंक त्या भाषांना संख्या म्हणून ओळखता येत नाहीत.

आपल्या मंचावर आधीच काय उपलब्ध आहे

फाउंड्रीचे मॅक्रो जावास्क्रिप्टमध्ये लिहितात, त्यामुळे तेथे साइन, कोसाइन आणि दोन अंतरांवरून कोन काढणारे एटॅन-टू ही सर्व फंक्शन्स तयार मिळतात. मात्र साइन आणि कोसाइन कोन अंशांत न घेता रेडियन या दुसऱ्या एककात घेतात, म्हणून अंशांना आधी ०.०१७४५३३ ने गुणावे लागते. मॅपटूलच्या अलीकडच्या आवृत्त्यांत 'मॅथ' या उपसर्गाची फंक्शन्स आहेत आणि त्यांतली साधी साइन अंश घेते, तर शेवटी 'आर' अक्षर जोडलेली साइन रेडियन घेते. जुन्या आवृत्तीवर चालू असलेल्या मोहिमेत ही फंक्शन्स नसतील तर ती स्वतः लिहावी लागतात. रोल२०च्या चॅट-मॅक्रोमध्ये चार मूलभूत क्रिया, भागाकाराची बाकी, घात, पूर्णांक करणारी फ्लोअर, सील आणि राउंड, आणि निरपेक्ष मूल्य देणारे ॲब्स एवढीच सामग्री असते. तेथे जावास्क्रिप्टमधल्या स्क्रिप्टची सोय सशुल्क सदस्यत्वात मिळते, पण ज्यांच्याकडे ती नाही त्यांना चॅट-मॅक्रोवरच काम भागवावे लागते. साधा चॅट-मॅक्रो टोकन हलवू शकत नाही, तो आकडा दाखवतो आणि टोकन आपण हाताने त्या घरात ठेवतो. तरीही खेळाच्या ओघात एवढी मदत पुष्कळ असते.

ज्याला तयार फंक्शन मिळते त्याने साइनचे सूत्र लिहिण्यात वेळ घालवू नये. पण त्यानेही दिशेविषयीचा पुढचा भाग वगळू नये, कारण माझ्या पाहण्यात चुकलेल्या मॅक्रोंपैकी बहुतेकांत साइन बरोबर असते आणि दिशा चुकलेली असते.

दिशेचा करार

शाळेत कोन पूर्वेपासून, म्हणजे उजवीकडून सुरू होतो, घड्याळाच्या उलट दिशेने वाढतो आणि उभा अक्ष वर जाताना वाढतो. पडद्यावर यांतली शेवटची गोष्ट हमखास उलटी असते : उभा अंक वरच्या कडेला शून्य असतो आणि खाली जाताना वाढतो. पहिल्या दोन गोष्टी मंचागणिक बदलतात. मॅपटूलमध्ये शून्य अंश म्हणजे उजवीकडे, आणि कोन शाळेप्रमाणेच घड्याळाच्या उलट वाढतो. तोंड वर असलेले टोकन ९० दाखवते आणि खाली असलेले उणे ९०. रोल२०मध्ये शून्य म्हणजे वर आणि कोन घड्याळाच्या दिशेने वाढतो. फाउंड्रीमध्ये शून्य म्हणजे खाली, आणि कोन तेथेही घड्याळाच्याच दिशेने वाढतो.

यावर उपाय एकच आहे. मॅक्रोच्या आत सर्व हिशेब शाळेच्या कोनात करावा आणि मंचाचा कोन आत घेताना एकदा, बाहेर देताना एकदा बदलून घ्यावा. हे रूपांतर असे :

मॅपटूल : शाळेचा कोन = टोकनाचा कोन
रोल२० : शाळेचा कोन = ९० − टोकनाचा कोन
फाउंड्री : शाळेचा कोन = २७० − टोकनाचा कोन

परत जाताना हीच सूत्रे वापरायची असतात, कारण ९० मधून किंवा २७० मधून एखादा कोन दोनदा वजा केला की मूळ कोनच हाती येतो. मग अंतर ल घरे आणि शाळेचा कोन दिला असता नवे स्थान असे येते :

नवा आडवा अंक = जुना आडवा अंक + ल × कोसाइन(कोन)
नवा उभा अंक = जुना उभा अंक − ल × साइन(कोन)

दुसऱ्या ओळीतले वजाचे चिन्ह हे पडद्याच्या उलट्या अक्षासाठी आहे. काही जण ते चिन्ह कोनातच मिसळून टाकतात आणि एक ओळ वाचवतात. मी तसे करू नये असे आग्रहाने सांगेन, कारण सहा महिन्यांनी तो मॅक्रो उघडणाऱ्याला ते चिन्ह कोठे गेले हे शोधत बसावे लागते.

उदाहरणार्थ, किल्ल्याच्या बुरुजावरची तोफ २० व्या स्तंभात आणि १४ व्या ओळीत आहे, तिचे तोंड पूर्वेपासून ३० अंश उत्तरेकडे आहे आणि पल्ला १२ घरांचा आहे. कोसाइन ३० म्हणजे ०.८६६, साइन ३० म्हणजे ०.५; म्हणून गोळा आडवा १०.३९ घरे पुढे आणि उभा ६ घरे वर, म्हणजे ३० व्या स्तंभात आणि ८ व्या ओळीत पडतो. हीच तोफ रोल२०वर ६० अंश दाखवेल आणि फाउंड्रीवर २४० अंश. वरच्या रूपांतरात हे आकडे घालून पाहावेत. दोन्हींतून ३० च निघाले पाहिजेत.

स्थानाविषयी आणखी एक तपशील लक्षात ठेवावा लागतो. रोल२०च्या स्क्रिप्टमध्ये टोकनाचे स्थान हे त्याच्या मध्याचे असते आणि एक घर मुळात ७० पिक्सेलचे असते. फाउंड्रीमध्ये मात्र टोकनाचा अंक हा त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्याचा असतो. म्हणून फाउंड्रीवर दोन टोकनांमधला कोन काढण्यापूर्वी दोन्हींच्या अंकांत त्यांची अर्धी रुंदी आणि अर्धी उंची मिळवावी. दोन्ही टोकने एकाच आकाराची असतील तर हे विसरले तरी फरक पडत नाही, पण हत्तीचे टोकन चार घरे व्यापणारे आणि माहुताचे एकाच घराचे असेल तर कोन लगेच तिरका येतो.

साइन : भास्कराचे सूत्र

ज्या मंचावर साइन नाही तेथे काय करावे? संगणकाची पुस्तके अनंत श्रेणीकडे बोट दाखवतात. खेळाच्या पटासाठी त्याहून सोपा आणि सुबक मार्ग सातव्या शतकातच सापडलेला आहे. आर्यभटीयावर इ.स. ६२९ मध्ये भाष्य लिहिणारे पहिले भास्कर, म्हणजे लीलावतीकर्त्या भास्कराचार्यांच्या सुमारे पाच शतके आधीचे, यांनी महाभास्करीयात साइनचे असे सूत्र दिले आहे की ज्यात ना सारणी लागते, ना रेडियन, ना वर्गमूळ. आजच्या चिन्हांत ते असे, आणि ते ० ते १८० अंशांसाठी आहे :

गु = कोन × (१८० − कोन)
साइन = ४ × गु ÷ (४०५०० − गु)

३० अंश घालून पाहू. गु म्हणजे ३० × १५०, म्हणजे ४५००. अपूर्णांकाचा अंश १८०००, छेद ३६०००, उत्तर नेमके ०.५. नव्वदला गु ८१०० येतो, अंश आणि छेद दोन्ही ३२४००, उत्तर १. पंचेचाळीसला उत्तर ०.७०५९ येते, खरे मूल्य ०.७०७१ आहे. सर्वांत मोठी चूक १२ अंशांच्या आसपास होते आणि ती सुमारे ०.००१६ एवढीच असते. याचा पटावरचा अर्थ असा की ६० घरे दूर टाकलेला गोळासुद्धा या चुकीमुळे एका घराच्या दहाव्या भागाएवढाच सरकेल. टोकन शेवटी पूर्ण घरातच बसणार असल्याने एवढी चूक घराच्या सीमेवरचा एखादा प्रसंग सोडला तर दिसतसुद्धा नाही. मॅक्रो लिहिणाऱ्याने अचूकतेचा विचार असा घरांच्या भाषेत करावा, दशांश स्थळांच्या भाषेत नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

सूत्र ० ते १८० पुरतेच असल्यामुळे इतर कोन आधी त्या टप्प्यात आणावे लागतात. 'जर-तर' ची सोय असेल तर हे सोपे आहे, पण रोल२०च्या चॅट-मॅक्रोमध्ये ती सोय नाही, म्हणून फक्त फ्लोअर वापरून काम होईल अशी मांडणी देतो. फ्लोअर म्हणजे दिलेल्या संख्येपेक्षा मोठा नसलेला सर्वांत मोठा पूर्णांक, उणे संख्येसाठीही तो खालचाच पूर्णांक घेतो, म्हणजे फ्लोअर(−०.१७) हा −१ असतो.

न = फ्लोअर(कोन ÷ १८०)
शे = कोन − १८० × न
चि = १ − २ × (न − २ × फ्लोअर(न ÷ २))
गु = शे × (१८० − शे)
साइन = चि × ४ × गु ÷ (४०५०० − गु)
कोसाइन(कोन) = साइन(कोन + ९०)

येथे न म्हणजे कोनात १८० किती वेळा गेले ते, शे म्हणजे उरलेला शेष, आणि चि हे चिन्ह : न सम असेल तर १, विषम असेल तर −१. उणे तीस अंश घातले तर न −१ येतो, शेष १५०, चिन्ह −१, आणि उत्तर −०.५. चिन्हाची ओळ लांब वाटते म्हणून पुष्कळांना ती १ − २ × न अशी आखूड करण्याचा मोह होतो, कारण ० ते ३५९ अंशांच्या साइनसाठी ती चालतेही. पण कोसाइनसाठी आपण ९० मिळवतो; ३०० अंशांच्या कोसाइनला साइनकडे ३९० जातात, न २ येतो, आखूड ओळीतून चिन्ह −३ निघते आणि कोसाइन ०.५ ऐवजी −१.५ दाखवतो. म्हणून लांब ओळच ठेवावी.

रोल२०च्या चॅट-मॅक्रोमध्ये चल राशी साठवता येत नाहीत, त्यामुळे न, शे आणि गु यांच्या जागी त्यांची पूर्ण सूत्रे भरून सगळे एकाच दुहेरी चौकोनी कंसात लिहावे लागते. कोन विचारणारा प्रश्न त्या सूत्रात दहा वेळा आला तरी त्याचे नाव प्रत्येक ठिकाणी तेच ठेवले म्हणजे खेळाडूला तो एकदाच विचारला जातो. खेळाडूने दिलेले उत्तर मजकूर म्हणून जसेच्या तसे सूत्रात चिकटवले जाते, म्हणून प्रत्येक ठिकाणी ते साध्या कंसात घ्यावे, नाहीतर गुणाकार आणि वजाबाकी यांचा क्रम बिघडतो.

मॅपटूलमध्ये हेच काम नीट वेगळे ठेवता येते. नावाच्या सुरुवातीला 'लिब' असलेले एक टोकन करावे, त्यावर साइनचा मॅक्रो लिहावा, पाठवलेला कोन मॅक्रोच्या पहिल्या आर्ग्युमेंटमधून घ्यावा आणि उत्तर मॅक्रो-रिटर्नमध्ये ठेवावे. मोहीम उघडताना आपोआप चालणाऱ्या 'ऑन कॅम्पेन लोड' या मॅक्रोमध्ये डिफाइन-फंक्शनने त्याला नाव दिले की पुढे कोणत्याही मॅक्रोत ते नाव अंगभूत फंक्शनप्रमाणे वापरता येते. ज्या टोकनाला तोंडाची दिशाच दिलेली नाही त्याच्यासाठी मॅपटूल कोनाऐवजी रिकामा मजकूर परत करते. तो आकडेमोडीत शिरण्यापूर्वी तपासून खेळाडूला स्पष्ट सूचना दाखवावी.

या सूत्राची एक मर्यादा मात्र सांगितलीच पाहिजे. त्यातून निघणाऱ्या साइनचा वर्ग आणि कोसाइनचा वर्ग यांची बेरीज नेमकी १ येत नाही. पंचेचाळीस अंशांना ती ०.९९६५ येते. एका फेकीला याने काही बिघडत नाही, पण घोडेस्वारांचे कडे फिरवताना प्रत्येक वेळी मागच्या स्थानावरून पुढचे स्थान काढत गेलात तर कडे हळूहळू आत ओढले जाते. वीस घरांच्या त्रिज्येचे कडे पंचेचाळीस-पंचेचाळीस अंशांनी आठ वेळा फिरवून मूळ जागी आणले की त्रिज्या १९.७२ उरते, आणि अशा काही फेऱ्यांनंतर स्वार एकेक घर आत आलेले दिसतात. म्हणून कड्याचा मध्य, त्रिज्या आणि एकूण फिरलेला कोन एवढेच साठवावे आणि प्रत्येक स्वाराचे स्थान दर वेळी त्यांवरून नव्याने काढावे. आठ स्वार असतील तर त्यांचे कोन एकूण कोनात ०, ४५, ९० असे मिळवत जावेत.

श्रेणी आणि सारणी

त्याहून अचूक साइन हवी असेल, उदाहरणार्थ खूप मोठ्या नकाशावर जहाजांचे मार्ग काढायचे असतील, तर श्रेणी वापरावी. ही श्रेणी केरळात संगमग्रामच्या माधवाने १४ व्या शतकात शोधली आणि त्याच्या परंपरेतल्या ग्रंथकारांनी ती नोंदवून ठेवली. चार पदांपर्यंत, गुणाकार कमीत कमी होतील अशी मांडणी ही :

र = ०.०१७४५३३ × (९० − ॲब्स(९० − शे))
व = र × र
साइन = चि × र × (१ − व÷६ × (१ − व÷२० × (१ − व÷४२)))

यातली शे आणि चि वरचीच. पहिल्या ओळीतला ॲब्स शेषाला ० ते ९० मध्ये दुमडतो आणि ते अत्यंत आवश्यक आहे : दुमडल्यावर या चार पदांची सर्वांत मोठी चूक, ९० अंशांना, सुमारे ०.०००१६ असते, म्हणजे भास्कराच्या सूत्रातल्या चुकीचा दहावा भाग. पण न दुमडता १८० अंश घातले तर शून्याऐवजी −०.०७५ येते.

सारणीचा मार्ग आर्यभटाचा. त्याने इ.स. ४९९ च्या आर्यभटीयात पावणेचार अंशांच्या अंतराने २४ मूल्यांची सोय केली होती. आपल्या पटावर टोकने फक्त पंधरा अंशांच्या टप्प्यांनी वळत असतील तर ०, ०.२५८८, ०.५, ०.७०७१, ०.८६६०, ०.९६५९ आणि १ ही सात मूल्ये यादीत ठेवून क्रमांकाने उचलणे हा सर्वांत जलद आणि बिनचूक उपाय आहे. मधल्या कोनांसाठी दोन शेजारच्या मूल्यांमध्ये सरळ रेषेने प्रमाण काढता येते. पाच अंशांच्या सारणीत त्याची चूक ०.००१ च्याही आत राहते.

नजरेचा टप्पा कोन न काढता

शंकूच्या आकाराचा हल्ला किंवा पहारेकऱ्याची नजर यांसाठी बहुतेक जण शत्रूचा कोन काढतात, तोंडाच्या कोनातून तो वजा करतात आणि फरक अर्ध्या शंकूपेक्षा लहान आहे का ते पाहतात. या पद्धतीत ३५० आणि १० अंशांमधला फरक ३४० येतो आणि समोर उभा असलेला शत्रू अदृश्य ठरतो. त्यावर दुरुस्ती करता येते, पण कोन न काढण्याचा मार्गच मला अधिक चांगला वाटतो.

पहारेकऱ्यापासून शत्रू पूर्वेकडे किती घरे आहे त्याला पू म्हणू, आणि उत्तरेकडे किती आहे त्याला उ. पडद्याचा उभा अंक खाली वाढत असल्यामुळे उ म्हणजे पहारेकऱ्याचा उभा अंक वजा शत्रूचा उभा अंक. मग

समोर = पू × कोसाइन(तोंड) + उ × साइन(तोंड)
अंतरवर्ग = पू × पू + उ × उ

'समोर' हा आकडा शत्रू तोंडाच्या दिशेने किती घरे पुढे आहे ते सांगतो. तो उणे असेल तर शत्रू पाठीमागे आहे. धन असेल तर शंकूच्या रुंदीप्रमाणे एकच तुलना पुरते, आणि तीही वर्गमुळाविना :

९० अंशांचा शंकू : २ × समोर × समोर ≥ अंतरवर्ग
६० अंशांचा शंकू : ४ × समोर × समोर ≥ ३ × अंतरवर्ग
डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतला शंकू : ५ × समोर × समोर ≥ ४ × अंतरवर्ग

तिसरी ओळ त्या खेळाच्या नियमातूनच निघते. तेथे शंकूची रुंदी कोणत्याही ठिकाणी उगमापासूनच्या अंतराएवढी असते, म्हणजे मध्यरेषेच्या प्रत्येक बाजूला अंतराच्या निम्मी. यावरून पूर्ण कोन सुमारे ५३.१३ अंश येतो आणि अर्ध्या कोनाच्या कोसाइनचा वर्ग नेमका चार पंचमांश असतो.

घाटावरचा पहारेकरी २० व्या स्तंभात, १४ व्या ओळीत, तोंड ३० अंश, नजर ६० अंशांची. एक पेंढारी २६ व्या स्तंभात आणि १२ व्या ओळीत आहे : पू ६, उ २, समोर ६.२०, अंतरवर्ग ४०. डावी बाजू सुमारे १५४, उजवी १२०, दिसतो. दुसरा २३ व्या स्तंभात, १८ व्या ओळीत : पू ३, उ −४, समोर ०.६०, अंतरवर्ग २५. डावी बाजू दीडच्या आत, उजवी ७५. दिसत नाही, जरी तो किंचित पुढे असला तरी. ही आकडेमोड पटावरच्या वीस-तीस टोकनांसाठी फेऱ्यात चालवायची असेल तर तोंडाचा साइन आणि कोसाइन फेऱ्याच्या बाहेर एकदाच काढून ठेवावा. मॅक्रो-भाषा संथ असतात, आणि हा एक बदल केला की वाट पाहणे जाणवण्याइतके कमी होते.

अंतराविषयी मंडळाने एक निर्णय आधी घेतलेला बरा. अनेक खेळांत तिरपे पाऊल एकच घर धरतात, त्यामुळे सहा स्तंभ आणि सहा ओळी दूरचे टोकन नियमाने ६ घरांवर असते, तर त्रिकोणमितीने ८.४९ घरांवर. शंकूची दिशा त्रिकोणमितीने तपासायची आणि पल्ला घरे मोजून, असे दोन्ही एकत्र चालते. फक्त कोणता आकडा कोणत्या रीतीने काढला आहे हे मॅक्रोच्या उत्तरात लिहिलेले असावे, म्हणजे खेळ मध्येच थांबवून वाद घालावा लागत नाही.

दोन टोकनांवरून कोन

टोकन शत्रूकडे वळवायचे असेल तर मात्र कोन लागतोच. येथे पू आणि उ वरून उलटे जायचे असते. आधी दोघांपैकी लहान निरपेक्ष मूल्याला मोठ्याने भागावे, म्हणजे भागाकार झ हा ० ते १ मध्ये राहतो आणि शून्याने भागण्याचा प्रसंग फक्त दोन्ही शून्य असतानाच येतो. तेव्हा टोकने एकाच घरात आहेत, म्हणून दिशा जशी आहे तशीच ठेवावी. एरवी

अ = झ × (४५ + १५.६४ × (१ − झ))

हे अंशांतले उत्तर खऱ्या कोनापासून पाव अंशाच्या आत असते, आणि झ शून्य किंवा एक असताना नेमके बरोबर. यानंतरचा क्रम बदलू नये : उ चे निरपेक्ष मूल्य पू च्या मूल्यापेक्षा मोठे असेल तर अ च्या जागी ९० − अ घ्यावा, मग पू उणे असेल तर १८० − अ घ्यावा, आणि सर्वांत शेवटी उ उणे असेल तर अ चे चिन्ह बदलावे.

पहारेकरी पुन्हा २० व्या स्तंभात आणि १४ व्या ओळीत, शत्रू १३ व्या स्तंभात आणि ११ व्या ओळीत. पू −७, उ ३, झ ०.४२८६, अ २३.१२. पू उणे म्हणून शाळेचा कोन १५६.८८. रोल२०साठी ९० − १५६.८८, म्हणजे −६६.८८, त्यात ३६० मिळवून २९३.१२, फाउंड्रीसाठी ११३.१२. सात आडवी आणि तीन उभी हे प्रमाण मी मुद्दाम निवडले आहे. इंदूरहून तासा-दीड तासाच्या अंतरावर, उज्जैनला सवाई जयसिंगांनी बांधलेली वेधशाळा आहे. तेथल्या सम्राट यंत्राची, म्हणजे मोठ्या सूर्यघड्याळाची, तिरपी भिंत त्या स्थानाच्या अक्षांशाएवढी कललेली आहे, आणि उज्जैनचा अक्षांश २३.२ अंशांच्या जवळ आहे, म्हणजे ती भिंत दर सात हातांमागे जवळपास तीन हात चढते. वरचा झ तेथे प्रत्यक्ष पाहता येतो.

टॅन हवा असेल तर साइनला कोसाइनने भागावे आणि कोसाइनचे निरपेक्ष मूल्य ०.०१ पेक्षा लहान असेल तर मॅक्रोने उत्तर न देता थांबावे. उलट साइन आणि उलट कोसाइन यांची पटावर जवळजवळ कधीच गरज पडत नाही. दोन अंतरे हातात असतात, त्यामुळे वरची रीतच पुरते.

तपासणी

फंक्शन लिहून झाले की ३० आणि ९० घालून समाधान मानू नये. भास्कराचे सूत्र ०, ३०, ९०, १५० आणि १८० ला नेमके बरोबर येते, त्यामुळे तेवढ्याच कोनांवर तपासले तर आपण नक्की काय लिहिले आहे हे कळतच नाही. ४५ ला ०.७०५९ आले पाहिजे. २१० आणि −३० ला −०.५, ३९० ला ०.५. कोसाइनसाठी ३०० घालावे आणि ०.५ येतो का पाहावे.

दिशेची तपासणी पटावरच करावी लागते. मोकळ्या नकाशावर एक टोकन ठेवून त्याचे तोंड पूर्वेकडे करावे आणि पाच घरे पुढे सरकवणारा मॅक्रो चालवावा. मग उत्तर, पश्चिम आणि दक्षिण. पूर्व-पश्चिम बरोबर आणि उत्तर-दक्षिण उलटे आले तर उभ्या अक्षाचे वजाचे चिन्ह राहिले आहे. उत्तरेऐवजी पूर्वेकडे आणि पूर्वेऐवजी उत्तरेकडे गेले तर रूपांतराची ओळ राहिली आहे. फक्त पूर्वेकडे पाहून थांबू नये, शेवटी एकदा ईशान्येकडेही तोंड करून पाहावे, कारण साइन-कोसाइनला चुकून रेडियनऐवजी अंश दिले असतील तर शून्य अंशाला ती चूक झाकली जाते आणि तिरप्या दिशेला मात्र टोकन भलतीकडेच जाते.

जावास्क्रिप्टमध्ये आणखी एक गोष्ट करावी लागते : तेथे १८० अंशांची साइन शून्य न येता शून्याजवळची अतिसूक्ष्म संख्या येते, म्हणून स्थानाचा अंक टोकनाला देण्यापूर्वी तो जवळच्या पूर्णांकावर आणावा. हे पूर्णांकीकरण फक्त शेवटच्या ओळीत करावे. मधल्या पायरीवर साइन दोन दशांशांवर आणून ठेवली तर साठ घरांवर चूक घराच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जाते, आणि मग तोफेचा गोळा अधूनमधून शेजारच्या घरात पडू लागतो.